आमच्या वर कोण राहतं?

आत्या डोळे दाखवायला पुण्यात आली होती. स्वारगेटहून रिक्षा केली आणि मुठेवरच्या म्हात्रे पुलावर नेहमीसारख्या गाड्या तुंबल्या. उन्हाळ्यातली संध्याकाळ. त्या वेळी पुलावर जो वास येतो, त्याची इथल्या माणसाला इतकी सवय झालेली असते की श्वास आपोआप अर्धा घेतला जातो आणि गप्पा चालूच राहतात. माझ्याही चालू होत्या. आत्या मात्र पदर नाकाला लावून खाली बघत होती. रुंद कोरडं पात्र, मधोमध काळ्या पाण्याची धार, कडेला जलपर्णी आणि तिच्यात अडकलेल्या पिशव्या. "ह्येच पाणी खाली आमच्याकडं येतं न्हवं?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले. "आन् तुमच्याकडं कुणाचं येतं?" आमच्याकडे धरणाचं येतं, मी सांगितलं. खडकवासल्याचं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हंजी तुमच्या वर कुणी ऱ्हात न्हाई."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. जन्मभर कालव्याच्या पाण्यावर शेती केलेल्या बाईनं वावराची जागा सांगावी, तसं ती सांगत होती. कालव्यावर तुम्ही कुठं आहात यावर सगळं ठरतं. मुखाशी असाल तर पाळी आधी लागते, टेलला, म्हणजे शेवटाला असाल तर आवर्तन संपत आलं तरी चारी कोरडी. आत्यानं एका नजरेत ओळखलं की या नदीवर मी मुखाशी बसलेय आणि ती टेलला. सिग्नल सुटला, रिक्षा निघाली, ती डोळ्यांत घालायच्या थेंबांबद्दल बोलायला लागली. मला मात्र ते वाक्य पुढे कितीतरी दिवस सोडेना.

आत्याचं गाव राहू बेटात. एका बाजूनं मुळा-मुठा, दुसऱ्या बाजूनं भीमा, आणि मध्ये काळ्या जमिनीची, उसाची गावं. लहानपणी मे महिन्याची सुट्टी तिथंच जायची. त्या दिवसांत नदी आटत आलेली असायची, पण वाळू भरपूर होती. आत्या आणि शेजारच्या बाया सकाळी घागरी घेऊन पात्रात उतरायच्या, हातानं वाळू उकरून झिरा करायच्या आणि मग नुसतं थांबायचं. आधी ओली वाळू, मग गढूळ पाणी. ते वाटीनं उपसून टाकायचं. पुन्हा भरणारं पाणी इतकं नितळ की तळातले वाळूचे कण मोजावेत. ते पाणी गार असायचं आणि त्याला किंचित मातीची चव होती. वाटी वाटीनं घागर भरायला वेळ लागायचा, आणि गावातल्या बऱ्याचशा बातम्या तेवढ्या वेळात एकीकडून दुसरीकडे जायच्या. आता वाळू उपशात गेली. जी थोडी उरली आहे तिच्याखाली काळा, बुळबुळीत थर आहे. काठी खुपसली की बुडबुडे येतात आणि सडक्या अंड्याचा वास. झिऱ्याचं पाणी पिऊन वाढलेली माझी आतेभावंडं आज जारचं पाणी विकत घेतात. आत्या म्हणते, "ऊस मातूर जोमात येतोय." तेही खरं आहे. मैलापाण्यातलं नत्र आणि स्फुरद उसाला लागू पडतं. पाणी द्यायला गेलेल्या माणसाच्या पायांना खाज सुटते, मोटारीच्या फूटव्हॉल्व्हला जलपर्णीची मुळं गुंडाळतात, पण पीक हिरवंगार उभं राहतं. या नदीबद्दल तिथल्या शेतकऱ्याला नुसता राग येत असता तर गोष्ट सोपी होती. नदीनं त्याला पिण्याचं पाणी द्यायचं थांबवलं आणि साखर कारखान्याचा हप्ता द्यायचं चालू ठेवलं.

आपण मुठा प्रदूषित झाली म्हणतो, तेव्हा मनात चित्र असतं ते चांगल्या वाहत्या पाण्यात घाण मिसळल्याचं. पावसाळा सोडला तर शहरातल्या मुठेची अवस्था याहून वेगळी आहे. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला, या चार धरणांत डोंगराचं पाणी अडतं. खडकवासल्याहून ते जलवाहिन्यांतून शहराला आणि कालव्यातून शेतीला जातं. धरणाच्या भिंतीखाली नदीसाठी म्हणून जवळजवळ काही उरत नाही. मग विठ्ठलवाडीपासून मुळेशी होणाऱ्या संगमापर्यंत जे वाहताना दिसतं ते काय आहे? ते आमच्या बाथरूमचं, स्वयंपाकघराचं आणि संडासाचं पाणी आहे. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असा हिशेब इंजिनिअर धरतात. म्हणजे धरणातली नदी आमच्या नळांतून फिरून पुन्हा पात्रात येते. नदीत सांडपाणी सोडलं जातं, हे वाक्य आठ महिने तरी चुकीचंच आहे, कारण सांडपाण्यानंच नदीची जागा घेतली आहे.

हे सरकारला ठाऊक नाही असं म्हणायची सोय नाही. उलट महाराष्ट्राला ते फार लवकर कळलं होतं. जलप्रदूषण रोखण्याचा केंद्राचा कायदा १९७४ चा. आपल्या राज्यानं त्याच्या पाच वर्षं आधी, १९६९ मध्येच स्वतःचा कायदा केला होता आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ उभं केलं. मला त्याचा अभिमान वाटतो. त्या काळी विधानसभेत बसलेल्या कुणाला तरी नद्यांकडे बघून काळजी वाटली होती. आणि म्हणूनच पुढचे आकडे जास्त लागतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये देशातल्या नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे नोंदवले, त्यातले ५३ महाराष्ट्रात; मुळा आणि मुठा त्यातल्या सर्वांत वाईट गटात. २०२२ च्या अहवालात देशातले पट्टे ३११ वर आले आणि महाराष्ट्राचे ५५ झाले. दोन्ही वेळा देशात सर्वाधिक. शहरी सांडपाण्याचा हिशेब केंद्रीय मंडळानं २०२१ मध्ये दिला: महाराष्ट्रात रोज ९,१०७ दशलक्ष लिटर तयार होतं आणि शुद्धीकरणाची उभारलेली क्षमता ६,८९० दशलक्ष लिटर. हे वाचताना कुणालाही वाटेल की तीन चतुर्थांश काम झालं आहे, थोडं राहिलं आहे. मलाही वाटायचं, एक मैलापाणी शुद्धीकरण केंद्र आतून बघेपर्यंत.

ते केंद्र कुठलं ते सांगत नाही, कारण दाखवणाऱ्या माणसानं मनापासून दाखवलं होतं. आत शिरल्यावर पहिली येते ती जाळी. शॅम्पूच्या पुड्या, केसांचे गुंते, डायपर, चिंध्या, निर्माल्याची फुलं, एक प्लास्टिकचा घोडा. रोज हे उपसून काढावं लागतं. मग वाळू बसवायची टाकी, आणि त्यापुढे हवा सोडायच्या प्रचंड टाक्या. ब्लोअरचा आवाज इतका की ओरडून बोलावं लागतं. तपकिरी पाणी सतत खदखदत असतं, आणि आश्चर्य म्हणजे तिथं घाण वास येत नाही. पहिल्या पावसानंतरच्या बागेसारखा वास येतो. त्या टाकीत जिवाणू मैला खाऊन जगतात. त्यांना हवा लागते, अखंड. वीज काही तास गेली की ते मरायला लागतात आणि पुन्हा वाढवायला कित्येक दिवस जातात. "आमचं खरं काम या किड्यांना जगवण्याचं," तो म्हणाला. शेवटच्या टाकीवर त्यानं काचेच्या भांड्यात पाणी भरून उन्हात धरलं. नितळ होतं. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही. मग तो मला कुंपणापाशी घेऊन गेला. ते नितळ पाणी एका पाइपातून नदीत पडत होतं, आणि तिथून हाकेच्या अंतरावर एक नाला, कुठल्याही वाहिनीला न जोडलेला, जसाच्या तसा नदीला मिळत होता.

क्षमता हा आकडा टाक्यांचा असतो. टाक्यांपर्यंत पाणी पोचतं का, हे वेगळंच प्रकरण आहे. महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. कागदावर एका दिवसात आली. मैलावाहिन्या अशा एका दिवसात येत नाहीत. इमारतींना परवानग्या मिळाल्या, लोक राहायला आले, सेप्टिक टँक भरले, ते उपसायला टँकर आले, आणि टँकर रात्री कुठं रिकामे होतात हे त्या भागात कुणालाही विचारा. जपानच्या कर्जातून मुळा-मुठा सुधारण्याची योजना केंद्रानं २०१६ च्या जानेवारीत मंजूर केली: ९९०.२६ कोटी रुपये, ११ केंद्रं, ३९६ दशलक्ष लिटरची वाढीव क्षमता. काम प्रत्यक्ष सुरू व्हायला २०२२ उजाडलं. मधली वर्षं निविदा, फेरनिविदा, जागा, वाढीव दर यांत गेली. केंद्रं उभी राहतील तेव्हा मला आनंदच होईल, खोटं कशाला बोलू. पण या साऱ्या कागदांत यश मोजायची जागा केंद्राच्या फाटकाच्या आत आहे. किती टाक्या बांधल्या, किती क्षमता वाढली, किती टक्के निधी खर्च झाला.

राहू बेटात पाणी कसं आहे, हा रकाना त्या तक्त्यात नाही.

नोटिशींचं म्हणाल तर त्या निघतात. मंडळ महापालिकांना कारणे दाखवा म्हणतं, महापालिका कारणं दाखवतात: निधी नाही, जागा नाही, प्रस्ताव शासनाकडे आहे. कारखान्याची वीज तोडता येते, टाळं लावता येतं. शहराचं काय करणार? लोकांनी संडास वापरायचे नाहीत असा आदेश कुणी काढू शकत नाही. हे हतबल करणारं आहे, आणि तिथल्या प्रत्येक अधिकाऱ्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये स्थानिक संस्थांना शुद्धीकरण केंद्रांसाठी तीन वर्षांची मुदत घालून दिली. राष्ट्रीय हरित लवादानं २०२२ च्या सप्टेंबरात सांडपाणी आणि कचऱ्याच्या अव्यवस्थेसाठी महाराष्ट्राला १२,००० कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई लावली. आकडा ऐकून छाती दडपते. पण तो पैसा सरकारच्याच एका खात्यातून काढून सरकारच्याच दुसऱ्या, राखीव खात्यात ठेवायचा होता. पायाला खाज सुटलेला माणूस या हिशेबात कुठंच उभा नाही. कर भरणारा म्हणून तो भरपाई देणाऱ्यांत मात्र येतो.

मग मला नागपूर आठवतं. तिथं भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिलं जातं. रोज १३० दशलक्ष लिटरची योजना, महापालिका आणि वीज कंपनी यांच्यातल्या करारानुसार. बॉयलर आणि कूलिंग टॉवर यांना पाणी हवं असतं, वेळेवर हवं असतं आणि ठरलेल्या प्रतीचं हवं असतं. नाग नदी त्यामुळे स्वच्छ झाली असं नाही, तिच्यासाठी वेगळी योजना लागलीच. पण तेवढं पाणी तरी कुणाच्या तरी हिशेबात आलं. याचं कारण मला सरळ दिसतं: त्या पाइपाच्या खालच्या टोकाला जो बसला आहे, त्याच्या हातात करार आहे. त्याला घाण पाणी चालत नाही आणि तो ते बोलू शकतो. आत्याच्या हातात काय आहे? ती पुण्याची मतदार नाही. पुण्याच्या महापौरानं, आयुक्तानं तिला उत्तर द्यावं अशी कुठलीच कायदेशीर वाट तिच्या पायापर्यंत येत नाही. तिची ग्रामपंचायत, तिची पंचायत समिती, तिचा आमदार हे सगळे मुठेच्या खालच्या अंगाला. त्यांनी पुण्याला पत्र लिहावं आणि पुण्यानं ते फायलीला लावावं.

पंचगंगेवर हेच जास्त क्रूरपणे घडलं. कोल्हापूरचा जयंती नाला नदीत, नदी खाली इचलकरंजीला. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. त्यानंतर शहराला आपल्या दारातली नदी नकोशी झाली. आधी वारणेचं पाणी मागितलं, मग सुळकूडहून दूधगंगेचं. दोन्हीकडच्या काठच्या लोकांनी विरोध केला, आमचं पाणी नेऊ नका म्हणाले. त्यांचं तरी काय चुकलं? आणि त्याच इचलकरंजीचं सांडपाणी खाली शिरोळ तालुक्यात जातं, जिथं तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या येत राहतात. वरून सोसणारा आणि खाली सोडणारा एकच. हे वाचलं की आत्याच्या वाक्यातली पुढची पायरी मला दिसते. आमच्या वर कुणी राहत नाही म्हणून आम्ही निर्धास्त. पण आता खडकवासल्याच्या काठानं गावं वाढलीत, रिसॉर्ट आलीत, त्यांचं सांडपाणी धरणात उतरतं आहे म्हणून पुण्यात ओरड सुरू झाली आहे. ओरड योग्यच आहे. मला फक्त तिचा वेग जाणवतो. आपल्या पिण्याच्या पाण्यावर आलं की किती पटकन बैठका लागतात!

मला या नदीवर प्रेम करायला अवघड जातं, आणि तरी मी तिच्याकडे बघायला जातेच. ऑक्टोबरनंतर संगमाच्या खालच्या अंगाला काळ्या चिखलात शेकाटे पक्षी येतात, लांब गुलाबी पाय, एकेक पाऊल उचलून टाकणारे. घाण पाण्यातल्या अळ्या त्यांना आवडतात म्हणून त्यांची संख्या इतकी. एवढं कळल्यावरही ते सुंदरच दिसतात. जुलैत धरणातून विसर्ग सोडला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि अर्धं पुणं कठड्यांवर उभं राहतं. मीही जाते. तांबडं, जोरकस पाणी, वास नाही, फक्त आवाज आणि तुषार. पोरं खांद्यावर बसून बघतात. त्या दिवशी सगळ्यांना वाटतं, नदी आली. वर्षभर साठलेला गाळ आणि मैला त्या पहिल्या लोंढ्याबरोबर कुठं गेला, याचा विचार कठड्यावर कुणाच्या मनात येत नाही. तो पुढे जातो: मांजरी, थेऊर, राहू, मग भीमा, मग उजनी. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी बघायला आम्ही पुण्याहून गाड्या काढून जातो. तिथल्या एका मासेमाराशी बोलणं झालं होतं. पूर्वीचे मासे सांगताना त्यानं बोटं मोजली. आता जाळ्यात बहुतेक चिलापीच, म्हणाला, कसल्याही पाण्यात तगणारी. पुण्याचा त्याला राग होता का? "पुण्याचंच गिऱ्हाईक हाय आमचं," तो म्हणाला. उजनीतून सोलापूर पाणी पितं. उजनीतून सुटलेलं पाणी आषाढीला चंद्रभागेत येतं आणि ज्या वारकऱ्यांना आम्ही पुण्यात रस्त्यावर उभं राहून चहा-बिस्किटं देतो, ते त्यात स्नान करतात.

मध्यंतरी एक इच्छुक उमेदवार आमच्या सोसायटीत आले होते. अडचणी सांगा म्हणाले. लोकांनी सांगितल्या: पाण्याचा दाब, खड्डे, पार्किंग, चेंबर तुंबतं. चेंबर तुंबण्यावर बरंच बोलणं झालं, कारण पावसात ते उलटं येतं आणि तळमजल्यावरच्यांचे हाल होतात. वाहिनी मोठी करून देतो, असं आश्वासन मिळालं, टाळ्या पडल्या. मी विचारलं, मोठी वाहिनी पुढे कुठं जोडणार? ते थांबले, सोबतच्या माणसाकडे बघितलं, आणि म्हणाले, "ताई, तुमच्या सोसायटीतून तर जाईल ना." उत्तर प्रामाणिक होतं. मतदार म्हणून आमची गरज तिथंच संपते, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

पाटबंधारे खात्यात एक जुना नियम बोलला जातो, टेल टू हेड. आवर्तन सोडलं की आधी टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचवायचं, मग वर वर येत मुखाकडच्यांना. सगळीकडे पाळला जातो असं नाही, आत्याच सांगेल. पण तो नियम ज्यांनी केला त्यांना ठाऊक होतं की मुखाशी बसलेल्यावर सोडलं तर तो टेलचा विचार आपणहून करणार नाही. सांडपाण्याला हाच नियम लावावा असं मला वाटतं. महापालिकेला दर वर्षी ३१ जुलैपर्यंत शहराचा पर्यावरण अहवाल सभेपुढे मांडावा लागतो. त्यात नदीचे आकडे असतात, ते शहराच्या हद्दीतले. हद्दीबाहेर पहिल्या गावात, दर महिन्याला, तिथल्या ग्रामपंचायतीच्या माणसासमोर नमुना घ्यावा. अंघोळीच्या पाण्यात बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरला तीन मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, हा नियम आपलाच आहे. तो तिथं मोजावा. नव्या केंद्राच्या ठेकेदाराचं शेवटचं बिल त्या आकड्यावर अडवावं. नव्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देताना वाहिनी केंद्रापर्यंत जोडली आहे का, हे टेलच्या गावानं विचारलेलं चालावं, आणि त्यांच्या हरकतीला तारखेनिशी लेखी उत्तर मिळावं. यानं खर्च वाढेल. ब्लोअर अखंड चालवायचे तर विजेचं बिल येणार, सांडपाण्याचा आकार वाढणार, आमच्या सोसायटीतही कुरकुर होणार. मी तो भरायला तयार आहे आणि शेजाऱ्यांशी त्यावर वाद घालायलाही.

हे सगळं मी आत्याला फोनवर समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं: नमुना घ्यायला साहेब येणार ते पावसाळ्यात येणार का उन्हाळ्यात? पावसाळ्यात आले तर पाणी चांगलंच भरेल. मी यादीत तेवढं लिहून घेतलं: नमुना एप्रिल आणि मे महिन्यांतही घ्यावा, आणि त्या महिन्यांचा आकडा वर्षाच्या सरासरीत बुडवू नये.